लिहिणाऱ्याने गप्प बसायचं

तेल्लेर्वो हक्कारायनेन आमच्या तंत्रशाळेत प्रोग्रामिंग शिकवायची, मी शेजारच्या वर्गात गणित. तिच्या वर्गात एक विचित्र रीत होती. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. कोणी समजवायला उठलाच, तर ती म्हणे, “बस खाली. तू मेलायस. मेलेला माणूस समजवायला येत नाही.”

पोरं हसायची. मला हसू येत नसे. तिचा नवरा एन्सिओ खरंच गेला होता, आणि घरं उबदार राहावीत म्हणून भिंतींवरच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवणारे गावाचे पंप अजून त्याच्याच प्रोग्रामवर चालत होते. एन्सिओला आपल्या हुशारीचा भारी माज. प्रोग्राममधल्या प्रत्येक गोष्टीला एकेका अक्षराचं नाव, खुलासा एका शब्दाचा नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! थंडी फार वाढली की पंप अचानक थांबायचे, भिंतीवरच्या नळ्या मुक्या व्हायच्या, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरू. “एन्सिओने श्वास रोखला,” असं लोक दबक्या आवाजात म्हणायचे. पंप थांबवणारी ओळ सापडली होती. ती का लिहिली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या जानेवारीत पंपघराची प्रमुख पिर्क्को तेल्लेर्वोकडे आली. “लोक घाबरतात गं. ती ओळ काढू का? तू हो म्हणालीस तरच काढते. चुकलं तर भर थंडीत नळ्या फुटतील, म्हातारी माणसं गारठून मरतील.”

तेल्लेर्वोने तो प्रोग्राम वर्गात वाचायला दिला, कुणाचा ते न सांगता. मीही मागे जाऊन बसले.

“कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?” रास्मुस ओरडला.

“माझ्या नवऱ्याने.”

रास्मुसने मान खाली घातली. मग वेन्ला नावाची मुलगी हळूच म्हणाली, “ओळ काय करते ते कळतंय, तेल्लेर्वो. का करते ते नाही कळत. पण त्याला कशाची तरी भीती वाटली असणार. उगाच कोण थांबवेल?”

तेल्लेर्वो खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. “बोल ना रे,” ती म्हणाली. “एकदाच. कशाला घाबरला होतास?”

आम्ही सगळेच त्या खुर्चीकडे बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं तो बोलेल.

संध्याकाळी तिने पिर्क्कोला नकार कळवला. ओळ राहिली. त्या ओळीच्या वर तेल्लेर्वोने खुलासा लिहिला, त्या अख्ख्या प्रोग्राममधला पहिलाच: “हे का आहे ते मला माहीत नाही. तो होता तेव्हा मी विचारलं नाही. काढू नका.”