हौदात बुडवलेला चेंडू

ये व मंजू, जवळ बस. सहा महिन्यांनी आजी आठवली का तुले? तुया खाजगी विद्यापीठात व्हॉलीबॉलचे पोरापोरींचे दोन्ही संघ हायेत म्हणं, पण आजीसाठी सुट्टी नाही!

तुया पिशवीतल्या चेंडूचा वास आला अन् मी इंग्रजांच्या काळातल्या आमच्या शाळेत पोचली. कामरगावच्या बाजूले आमच्या पाटलानं काढलेली खाजगी शाळा. आधी पोरं खेळत, ऊन उतरलं का आमी पोरी. कातडी चेंडू उसवला का म्हादू चांभार टाके घाले, अन् आमी त्यावर गोमूत्र शिंपडून घेऊ. म्हादूची लेक गंगू रोज दूर उभी राहून खेळ पाहे.

एक दिवस आमची एक पोरगी तापानं पडली. गंगू मले म्हणे, "बाई, एक डाव मले घ्या ना."

मी घेतलं. तिनं असा फटका मारला का पाहत बसलेल्या पोरायनं टाळ्या वाजवल्या. तशा टाळ्या मले कधी भेटल्या नव्हत्या.

"बाटला चेंडू!" मी वरडली, अन् तिच्यासमोर तो हौदात बुडवला.

"माह्या बापानंच शिवला ना तो, बाई?"

"म्हणून तर धुतो," मी म्हटलं. साऱ्याजणी खदखदा हासल्या.

कातडं फुगलं, टाके उसवले. शिलाई खराब केली म्हणून पाटलानं म्हादूले लेकीसमोर जोड्यानं मारलं. मी तिथंच उभी होती; चेंडू मीच बुडवला, हे काही सांगितलं नाही.

चेंडू बाटला नव्हता, मंजू. मले टाळ्या झोंबल्या होत्या.

उद्या जाशील तू. हे ऐकूनही येशील ना व? लवकर ये.