आक्कांचं विरजण

तीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली. दह्याचं विरजण तपासायचं, त्यातले जिवाणू नीट वाढतात का बघायचं, हे माझं काम. दिवसभर तो आंबूस वास नाकात बसलेला असायचा. त्यामुळं घरी पानात दही आलं की मी वाटी बाजूला सारायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी पोटाचं मोठं दुखणं झालं. अँटिबायोटिक्सचे एकामागून एक कोर्स झाले. दुखणं गेलं, पण अंगातलं बळही गेलं. खाल्लेलं अंगी लागेना. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर; पहिल्याच मजल्यावर कठडा धरून मी धापा टाकत उभी राहायची. साठीतच आपण म्हाताऱ्या झालो, हे मी मनाशी कबूल करून टाकलं होतं.

तेवढ्यात आजऱ्याहून थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांना मी आक्का म्हणते. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, तरी रोज चढावरच्या शेतात जाऊन येणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला.

"विरजण आणलंय घरचं. आणि ही नाचणी. उद्यापास्नं ताक घालून आंबील प्यायची."

"आक्का, जलमभर ह्येच केलंय की मी! नको वाटतंय आता."

"केलंस व्हय. खाल्लंस कधी?"

मी डबा उचलून स्वयंपाकघरात नेला.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "खा की खुशाल. पण रोज चाला. आतड्यातल्या जिवाणूंचा स्नायूंशी आणि वयाशी संबंध असावा असं दिसतंय, पण खात्रीनं सांगण्यासारखं अजून थोडंच हाती आलंय."

पहिले चार दिवस मी नाक दाबून आंबील प्याले. मग जेवणात दह्याची वाटी आली. संध्याकाळी आक्का मला रंकाळा तलावावर न्यायच्या. मी बाकड्यावर बसले की त्या पुढच्या दिव्याच्या खांबापाशी जाऊन ओरडायच्या, "ये हितवर! म्हशीगत बसू नगंस!" लोक वळून बघायचे. लाजेनं मी उठायची. महिन्याभरात पोट शांत झालं, भूक लागायला लागली. आक्का गावी गेल्या, तरी मी चालत राहिले. हिवाळा लागेपर्यंत रंकाळ्याची अख्खी फेरी न थांबता व्हायला लागली.

पुढच्या खेपेला आक्का आल्या तेव्हा मीच म्हटलं, "जोतिबाला जाऊया. पायी."

पायथ्याला रिक्षा सोडली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सुरुवातीला आक्का पुढं, मी मागं. चढ वाढला तशी मी त्यांच्या बरोबरीला आले, आणि कधी पुढं गेले ते कळलंच नाही. श्वास जोरात चालत होता, पण तुटत नव्हता. मांड्या भरून आल्या होत्या, तरी पाय उचलत होते.

मागनं हाक आली, "थांब की गं जरा!"

चाळीस वर्षांत आक्कांनी मला पहिल्यांदा थांब म्हटलं होतं! मी थांबले, त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा चढायला लागले.

हे दह्यानं झालं की चालण्यानं, की आक्कांच्या ओरडण्यानं, मला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेच्या हिशेबानं माझा प्रयोग अगदी कच्चा. पण माथ्यावर पोचले तेव्हा मी दोन्ही हात वर करून "चांगभलं!" अशी आरोळी ठोकली, की माझाच आवाज मला ओळखू येईना.

आक्का मागनं आल्या. घाम पुसत त्यांनी नारळवाल्यालाच गाठलं.

"पावणं, ही माझी धाकटी जाऊ. जिना चढत न्हवता हिला. आज मला मागं टाकून आली!"

"आक्का, पुरे की," म्हणत मी त्यांचा पदर ओढला. पण खरं सांगू? त्यांनी आणखी चार जणांना सांगावं, असंच मला वाटत होतं.