कूलर बंद करणारा माणूस

बल्लारपूरला स्टेशनमागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या मदरबोर्डला हार्डडिस्कच्या जागी नवी, वेगवान एसएसडी जोडली, तरी बोर्ड तिच्यावरून सुरू होत नाही; त्याला ती ओळखूच येत नाही. ही ओळख तो करून देतो. बोर्डावरच्या इवल्याशा चिपमध्ये नवा प्रोग्राम भरतो.

भरताना वीज दगा देऊ शकते, आणि दिला की बोर्ड गेलाच. कूलरने व्होल्टेज दबतं, म्हणून भर मे महिन्यात तो आधी कूलर बंद करतो. "आता कोनी बोलू नका, भाऊ," म्हणून डोळे मिटून बसतो. आम्ही गिऱ्हाइकं घामाघूम.

माझ्या बोर्डाच्या वेळी बल्ब एकदम मंदावला. त्याने डोळे उघडले नाहीत. झोपलेलं पोर दचकू नये म्हणून ठेवतात तसा त्याने टेबलावर हलकेच तळहात ठेवला. बल्ब पुन्हा उजळला.

माझं मशीन चुटकीसरशी सुरू झालं. मी विचारलं, "भाऊ, तुमचं स्वतःचं अजून जुन्याच हार्डडिस्कवर काऊन?"

"मले नाई पायजे नवीन. बटन दाबतो अन् ते सुरू होईस्तोर दारात उभा राह्यतो. समोरच्या मोहाच्या झाडाकडं पाहनं होते."

आता घरी बटण दाबलं की मीही खिडकीशी जातो. मोह आठवू लागतो. वळून पाहतो, तर मशीनचा पडदा केव्हाचा उजळून माझी वाट पाहत असतो.