चार बोटं खाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी ऑफिसात कोण कुणाशी बोलत नाही इथपर्यंत सगळं सांगते. मग आज का? माहीत नाही. मनात ठेवून ठेवून दमलेय, एवढंच.

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सजवळच्या एका कंपनीत मी लष्करी हेलिकॉप्टरच्या क्रूसाठी जीवरक्षक जॅकेटं बनवते. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं की बहुतेक वेळा उलटं होतं. आत अंधार, गार पाणी, आणि छातीवर हवेची एक छोटी बाटली. ती डोळ्यांनी शोधता येत नाही, हात सवयीने तिथे जावा लागतो. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. पाण्यातल्या चाचणीआधी जॅकेट घालणारा विचारतो, "काही बदललंय?" बनवणाऱ्याने खरं सांगायचं. बदललं असेल तर आधी कोरड्यात पुन्हा सराव, मगच पाणी.

कॉलिन आमचा चाचणीचा माणूस. पूर्वी हेलिकॉप्टरमधून दोरावर उतरून बुडणाऱ्यांना वर काढायचा. मला पोहता येत नाही म्हणून सारखा चिडवायचा. मीही त्याला सोडत नसे.

त्या शुक्रवारी बाटलीचा कप्पा सीटच्या पट्ट्यात अडकत होता, म्हणून सकाळीच मी तो खाली शिवून घेतला होता. चार बोटं — फार तर. कॉलिनने विचारलं. मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? सराव पुन्हा घ्यायचा म्हणजे संध्याकाळ गेली असती, आणि मला वेम्बलीला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. हळदीकुंकवाला! लिहितानासुद्धा लाज वाटते.

चाचणीच्या तलावात कॉलिन बसलेला हेलिकॉप्टरचा सांगाडा उलटा केला गेला. कॉलिनचा हात नेहमीच्या जागी गेला — तिथे बाटली नव्हती. त्याने हातपाय झाडले. डायव्हर्सनी त्याला ओढून बाहेर काढलं. काय चुकलं म्हणून सगळे जमले, तर तोच म्हणाला, "जॅकेटचा दोष नाही. मीच घाबरलो. वय झालं आता."

मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी त्याला टॉवेल दिला.

सोमवारी मी कप्पा मुकाट्याने वर घेतला, पट्ट्याचं वेगळं काहीतरी जमवलं. जॅकेट आता चांगलं आहे. कॉलिन मात्र पुन्हा पाण्यात उतरला नाही. नातीला पोहायला शिकवायचं कबूल केलं होतं त्याने — आता नुसता काठावर बसतो म्हणे.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. केक कापून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या दिवसानंतर सगळ्यांनी माझी मस्करी केली. तू एकदाही केली नाहीस. थँक्यू."

"अरे, त्यात काय," मी म्हणाले, आणि त्याच्या प्लेटमध्ये केकचा आणखी एक तुकडा ठेवला.