ब्लूजमध्ये घुसली तिहाई

मंडळी, सांगितल्याशिवाय राहवत नाहीये!

आज दुपारी हायडेलबर्गला एका क्नायपेत, म्हणजे इथल्या बिअरच्या पबमध्ये, ब्लूजचं जॅम सेशन होतं. मी वाल्डॉर्फहून बसने तबला घेऊन गेले. ड्रमवाला ऊवे तबल्याकडे बघत म्हणाला, "आल्झो... म्हणजे, हे ब्लूजमध्ये कसं बसणार?"

मी वाजवायला बसले. छान रंगलं. माझी सोलोची पाळी संपत आली आणि सवयीने हातातून तिहाई निघाली! तोच तुकडा तीनदा वाजवून धाडकन सम. अख्खा बँड थांबला. म्हटलं, घातला घोळ.

तेवढ्यात गिटारवाले कॉलिन, सत्तरीचे इंग्रज, ओरडले, "परत!" मग ऊवेला म्हणाले, "अरे, ब्लूज अमेरिकेचा, आम्ही इंग्रज तरी कुठे तिथे जन्मलो? पोरं होतो तेव्हा तिथल्या गायकांच्या रेकॉर्डी ऐकल्या, नक्कल करताना चुकलो, आवाज वाढवला. त्यातूनच आमचा ब्लूज झाला. अमेरिकेनंही डोक्यावर घेतला!"

मग काय, दर फेरीला तिहाई, आणि समेवर अख्खं क्नायपे टाळी देत होतं!

निघताना ऊवे म्हणाला, "मला हे शिकवशील?"

गेनाऊ, अगदी! शिकवणारच.

आता सांगा, तुमच्यापैकी कुणाची बाजाची पेटी कपाटावर पडून आहे? उतरवा खाली!