पणजीच्या काळातला डोंगर

आमच्या सारसोळ्याच्या खाडीत एका रविवारी मी एका साहेबाला चिखलात बसवलं... तेही त्याच्याच हाताने. आज सांगून टाकते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली आणि घराचा वरचा मजला मी कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्यांना भाड्याने दिलेला. माझी लेक रंजना कॉम्प्युटरचा कोर्स करून त्यांच्यातच चित्रं काढायला लागली.

पहिल्या गेममध्ये राणी होती, जादूगार होता, डोंगराएवढा राक्षस होता... पण गाव आमचंच. गच्चीवरून दिसतं ते रंजनाने जसंच्या तसं काढलेलं. खाडी, तिवरं, गावदेवीचं देऊळ आणि देवळामागे डोंगर, त्याच्या टोकाखाली खाणवाल्यांनी सुरुंग लावून पाडलेली मोठी खाच. राणीची होडी घरी यायची ती देवळाच्या कळसावर ती खाच धरून, म्हणजे खाच कळसाच्या बरोबर वर दिसत राहील अशी.

गेम चालला. मग दुसरा काढायला घेतला, पण गोष्ट आधीची... राणीच्या पणजीच्या काळातली. प्रीक्वेल म्हणायचे. मी म्हटलं, म्हणजे लग्न लागल्यावर साखरपुडा!

एकदा चहा घेऊन वर गेले तर स्क्रीनवर पणजीचं राज्य, आणि डोंगराला तीच खाच.

"अगो रंजे, पनजीच्या टायमाला सुरुंग कुनी लावला?"

रंजनाने नुसतं मालकांच्या टेबलाकडे बोट केलं. आठ दिवस मला विचारून विचारून तिने अख्खा डोंगर काढला होता. समीर साहेबांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, तो पुसायला सांगितलेला.

"काकू, खाचेवरूनच लोक ओळखतात की हे तेच राज्य आहे," साहेब म्हणाले. "दोन्ही गेममध्ये डोंगर सेम पाहिजे. याला कन्सिस्टन्सी म्हणतात. सोमवारी नकाशा फायनल करतोय."

मला गेमचं काय पडलं नव्हतं. पण गावात अख्ख्या डोंगराचा एक फोटो नव्हता हो... कॅमेरा गावात आला तोवर खाच पडलेली. रंजनाने काढला तेवढाच एक, आणि तोही पुसायचा?

मी सातवी शिकलेली बाई. कन्सिस्टन्सी धड म्हणताही येत नव्हतं. पण हट्ट करायला कुठे शाळा लागते?

म्हटलं, "सायेब, खाच एवढी पक्की ना? मग उद्या तुमच्या रानीसारखं खाडीतून या. खाच कलसावर धरून होडी जेट्टीला लावलीत तर मी तोंड उघडनार नाय. नाय लागली तर डोंगर माझा."

साहेब हसले. दादरचा माणूस, हरेल कशाला!

दुसऱ्या दिवशी नामदेव भावोजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची होडी काढली. साहेब पांढरे बूट आणि गॉगल घालून आलेले, लग्नाला आल्यासारखे. ओहोटी लागलेली. सुकाणू त्यांच्या हातात दिलं तर भावोजी माझ्या कानाशी, "वयनी, यो आपल्याला बुडवल."

"बुडवत नाय, भावोजी. बसवल फक्त."

साहेबांनी अगदी गेममधल्यासारखी खाच कळसावर धरली. थोडं गेलो... आणि होडीचं पोट चिखलाला घासलं. अजून थोडं, आणि ठप्प. ना पुढे, ना मागे.

"पण खाच तर बरोबर कळसावर आहे!" साहेब ओरडले.

"रंजीनं काढली ती दोन वर्सांमागची, सायेब. खाण काय थांबली हाय? रोज खाते. खाच उजवीकडं सरकली, खोल पान्याची वाट हाय तिथंच हाय."

भावोजींनी बोट दाखवलं. "खाच सोडा. डोंगराचं टोक कलसावर बसलं की समोर वाट. माझा बा तसाच यायचा, भाऊ पन."

भाऊ म्हणजे माझा नवरा. मी तिकडे बघितलंच नाही... तिवरांकडे बघत बसले.

भरती येईपर्यंत आम्ही तिथेच, उन्हात. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मी आधीच बांधून घेतली होती. का ते विचारू नका.

साहेबांनी दोन भाकऱ्या संपवल्या. मग चटणीचा हात पुसत म्हणाले, "काकू, दोन्ही गेममध्ये टोक कळसावर ठेवलं, तर अख्खा डोंगरही ओळखू येईल?"

"आमी नाय ओळखला इतकी वर्सं?"

"मग नंतर खाच कुठून आली म्हणून लोक विचारतील..."

"राक्षस पाळलाय ना तुमी? कशाला पाळलाय मग? शेवटाला द्या त्याला एक घास."

पहिल्यांदा साहेब मनापासून हसले. होडी तरंगली तेव्हा सुकाणू मी घेतलं. टोक कळसावर, आणि सरळ जेट्टीला.

गेम आला. डोंगर अख्खा! शेवटच्या लेव्हलला राक्षस येऊन त्याचा लचका तोडतो. रंजनाने त्याला सफारी घातलाय, खिशाला पेन आणि गळ्यात सोन्याची चेन... खाणीच्या ठेकेदारासारखा. मी तिला काही सांगितलं नव्हतं. शपथ मात्र घ्यायला लावू नका.

आता जेट्टीवरून टोकही दिसत नाही, टॉवर उभे राहिलेत. भावोजींनी होडी केव्हाच विकली. पण तो जुना कॉम्प्युटर मी घरात ठेवलाय, फक्त त्या एका सीडीसाठी. सून म्हणते, भंगारात द्या. म्हटलं, आधी मला दे.

दुपारी एकटी असले की लावते. पणजीची होडी निघते, टोक येऊन कळसावर बसतं... रंजे, तू राखलंस गो तेवढं.

शेवटच्या लेव्हलला मात्र मी कधीच जात नाही. राक्षस यायच्या आधीच बंद करते. ये म्हणावं, आता खाऊन दाखव!