सासऱ्यांचा बडग्या

सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन कुहीहून नागपुरात, महाल भागात आले. सासरे तिथले नगरसेवक. माझा पहिला पोळा जवळ आला, तसा त्यांच्या घशाखाली घास उतरेना. कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारी मोठी पुतळी, मिरवत निघते आणि तिच्या मागोमाग बडगे. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, गावभर मिरवायचा आणि जाळायचा. महागाईपासून मंत्र्यापर्यंत कोणी सुटत नाही.

“यंदा माहा बडग्या निघते,” सासरे म्हणत. “सुनेच्या माहेरचे येऊन राहिले. त्यायले तोंड कसं दाखवू?”

माझे आईवडील सकाळच्या एस.टी.ने आलेच. सगळे ओट्यावर, सासरे मात्र माडीवर पडद्याआड. रॉकेलच्या रांगेचा बडग्या गेला, रेशनच्या साखरेचा गेला. शेजारच्या वॉर्डाच्या नगरसेवकाचा तर चांगला दोन पुरुष उंच, मिशांसकट गेला. आमचा आलाच नाही.

मला वाटलं, सुटले बिचारे. पण ते खाली उतरले तेच तोंड पाडून. तरातरा कोपऱ्यावर गेले आणि बडगे करणाऱ्या पोरांना म्हणाले, “काहून गा, माहा काहून नाही बनवला?”

“काका, पाटीवर लिहाचं काय?” एक जण अगदी आदराने म्हणाला. “तुम्ही तर काही करतच नाही.”

त्या दिवशी त्यांचं ताट तसंच परत आलं. मला फार वाईट वाटलं.

मग मात्र ते इरेला पेटले. महिनाभरात गल्लीची नाली मंजूर करून आणली, गल्ली खणवली, आणि ती वर्षभर तशीच उघडी राहिली. निम्मा मोहल्ला तिच्यात पडला. सासूबाई दोनदा.

पुढच्या मारबतीला सासरे ओट्यावर सगळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसले. आणि आला! हातात फावडं, डोळ्यांवर चष्मा, अंगात करडा कोट. सासरे उठून उभे राहिले आणि त्यांनी चक्क हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पाह्य वं,” ते सासूबाईंना म्हणाले, “कोट त अगदी माह्यासारखा!”

कोट त्यांचाच होता. नालीत दोनदा पडलेल्या सासूबाईंनी तो ट्रंकेतून काढून, तुटलेली बटणं लावून, माझ्या हाती कोपऱ्यावर पाठवला होता.